पूर्वचारित्र्याचा रकाना

वसई रोड स्थानकाच्या पश्चिमेस वसलेल्या माणिकपुरातून रोज पहाटे बाहेर पडणारी तरुण मंडळी कोठे कोठे कामास जातात याची नुसती यादी केली, तरी पूर्वायुष्यातील व्यसन आणि सरकारचा विश्वास यांचा संबंध हा विषय या गावाला किती निकटचा आहे हे ध्यानी येते. कोणी सहारच्या विमानतळावर मालाची चढउतार करणाऱ्या कंपनीत आहे, कोणी रेल्वे सुरक्षा दलात भरती झालेला आहे, कोणी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या परीक्षेची तयारी करीत आहे, कोणी बोटीवर जाण्याच्या खटपटीत आहे, तर कोणी उलट दिशेची गाडी धरून बोईसरला उतरतो आणि 1969 पासून वीजनिर्मिती करणाऱ्या तारापूरच्या अणुवीज केंद्रात कंत्राटदाराच्या हाताखाली राबतो. या सर्वांचे शिक्षण, वय, पगार आणि हुद्दा निरनिराळा. परंतु कामावर रुजू होण्यापूर्वी वा प्रवेशाचा परवाना हाती पडण्यापूर्वी प्रत्येकाच्या पूर्वचारित्र्याची पडताळणी होते, आणि त्या पडताळणीत गांजा, चरस, गर्द किंवा आजकाल सर्वत्र ऐकू येणारे एमडी यांच्याशी कधी काळी आलेला संबंध किती मोजला जातो, तो कबूल करणाऱ्याचे काय होते आणि दडवणाऱ्याचे काय होते, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते. माझे मत प्रारंभीच सांगतो. आपल्या देशातील कायदा आणि न्यायनिर्णय यांचा एकत्र विचार केला असता, तरुणपणी घडलेल्या व्यसनापेक्षा ते दडवण्यासाठी लिहिलेले खोटे उत्तर माणसाचे अधिक नुकसान करते. आणि तरीही, खरे सांगणाऱ्यास सरकारने कोणतेही लेखी अभय दिलेले नाही. या दोन गोष्टींतील अंतर मला अत्यंत अन्यायाचे वाटते.

ज्या कागदावर हा सारा व्यवहार घडतो त्याला सरकारी भाषेत साक्षांकन नमुना म्हणतात. केंद्र सरकारच्या नोकरीसाठी भरून घेतला जाणारा हा नमुना जवळून पाहण्यासारखा आहे. त्याच्या माथ्यावरच ताकीद छापलेली असते, की या नमुन्यात खोटी माहिती देणे अथवा वस्तुस्थिती दडवणे ही अपात्रता ठरेल आणि उमेदवार सरकारी नोकरीस नालायक ठरण्याचा संभव आहे. त्याखाली नाव, जन्मस्थळ, आईवडिलांचा तपशील, गेल्या पाच वर्षांत एक वर्षाहून अधिक काळ जेथे जेथे वास्तव्य केले ते पत्ते, शिक्षण, पूर्वीची नोकरी असे रकाने येतात. आणि मग, जेथे बहुतेकांचा हात थबकतो, ती प्रश्नांची ओळ येते: तुम्हांला कधी अटक झाली आहे काय, तुमच्यावर कधी खटला चालला आहे काय, तुम्हांला कधी स्थानबद्ध केले होते काय, चांगल्या वर्तणुकीचा मुचलका लिहून घेतला होता काय, न्यायालयाने दंड केला होता काय, गुन्हा शाबीत होऊन शिक्षा झाली होती काय, विद्यापीठाने वा लोकसेवा आयोगाने परीक्षेस बसण्यास मनाई केली होती काय, आणि आज एखादे प्रकरण प्रलंबित आहे काय. प्रत्येक प्रश्नापुढे ‘होय’ किंवा ‘नाही’, आणि ‘होय’ असल्यास सविस्तर हकीकत. अणुऊर्जा खात्यात याच्या जोडीला विशेष सुरक्षा प्रश्नावलीही भरून घेतली जाते.

या ओळीत एक गोष्ट लक्षपूर्वक पाहिली पाहिजे. ‘तू कधी अमली पदार्थ घेतलास काय’ असा प्रश्न तिच्यात कोठेही नाही. सरकार विचारते ते पोलिसांच्या दफ्तराविषयी. माणसाच्या आयुष्याविषयी ते विचारीत नाही. ज्याने महाविद्यालयाच्या वसतिगृहात दोन वर्षे गांजा ओढला आणि कोणाच्या दृष्टीस पडला नाही, तो सगळीकडे ‘नाही’ लिहून खरा राहतो. आणि ज्याने एकदाच, मित्रांच्या आग्रहाखातर, खाडीकाठच्या एखाद्या पडक्या शेडमध्ये झुरका मारला व नेमका त्याच रात्री छाप्यात सापडला, त्याला दहा वर्षांनंतरही ‘होय’ लिहावे लागते. अटक झाली की अटकेचा प्रश्न लागू झाला; पुढे खटला उभा राहिला की नाही, याने त्या उत्तरात फरक पडत नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये मुंबईच्या किनाऱ्यावरील प्रवासी जहाजावर अमली पदार्थ नियंत्रण विभागाने घातलेला छापा वाचकांना आठवत असेल. त्या प्रकरणातील 20 आरोपींपैकी 14 जणांवरच मे 2022 मध्ये दोषारोपपत्र दाखल झाले आणि 6 जणांविरुद्ध पुरेसा पुरावा नसल्याचे खुद्द तपासयंत्रणेनेच मान्य केले. त्या सुटलेल्यांपैकी ज्यांना प्रत्यक्ष अटक झाली होती, त्यांतील कोणी उद्या असा नमुना भरावयास बसला, तर निष्कलंक असूनही अटकेच्या प्रश्नापुढे त्याला ‘होय’ हेच लिहावे लागेल.

अंबाडी रस्त्यावरील झेरॉक्सच्या दुकानात भरतीच्या मोसमात जरा वेळ उभे राहिले, तर हा नमुना प्रत्यक्षात कसा भरला जातो ते दिसते. मुलगा पेन घेऊन बसलेला असतो, शेजारी काका किंवा मामा असतात, आणि मुलगा या ओळीपाशी थांबला की मामा म्हणतात, “अरे, ‘नाही’ लिहून टाक ना. लहानपणची गोष्ट ती, आता कोण उकरून काढतंय?” हा सल्ला मायेपोटी दिलेला असतो, आणि म्हणूनच तो घातक असतो, कारण उकरून काढणारा असतोच. माणिकपूर पोलीस ठाण्यावरील वरिष्ठ कार्यालय गेल्या काही वर्षांत दोनदा बदलले. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत हे पोलीस ठाणे ठाणे ग्रामीण पोलिसांकडे होते, मग पालघर पोलिसांकडे गेले, आणि 1 ऑक्टोबर 2020 पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाकडे आहे. या बदलांत जुनी नोंद हरवली असेल अशी एक समजूत ऐकू येते. ती निराधार आहे. कार्यालयाचा फलक बदलला तरी ठाण्याचे दफ्तर ठाण्यातच राहते, आणि आता तर देशभरातील पोलीस ठाणी संगणकाने जोडणाऱ्या सीसीटीएनएस या व्यवस्थेमुळे नाशिकला नोंदलेला गुन्हा माणिकपुरातील अंमलदाराला बसल्या जागी दिसू शकतो.

सरकार हे सारे का विचारते, याचा विचार न करता त्याला दोष देणे बरोबर होणार नाही. ज्याच्या हाती शस्त्र, गुप्त कागद, विमानाच्या पोटातील सामान किंवा अणुभट्टीच्या आवारातील एखादे दार सोपवावयाचे, त्याच्याविषयी तीन शंका स्वाभाविक आहेत. नशेच्या अंमलाखाली त्याची विवेकबुद्धी ढळेल काय ही पहिली. कायदा मोडण्याची सवय असलेला माणूस गोपनीयतेचा कायदा पाळील काय ही दुसरी. आणि तिसरी, जी सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी बोलली जाते ती अशी, की ज्याच्या आयुष्यात एखादी गोष्ट दडवलेली आहे त्याला ती उघड करण्याची धमकी देऊन कोणी वाकवू शकेल काय. पहिल्या दोन शंकांचे निरसन काळ करू शकतो. बारा वर्षे नशेपासून दूर राहिलेल्या माणसाबद्दल त्या उरत नाहीत. तिसरीचे निरसन मात्र एकाच उपायाने होते, आणि तो उपाय म्हणजे उघड सांगून टाकणे. ज्या गोष्टीची नोंद वरिष्ठांच्या दप्तरी आधीच आहे, तिचा धाक दाखवून कोणाला काय मिळणार? म्हणून जगभरच्या सुरक्षा-पडताळणीत मूळ कृत्यापेक्षा ते दडवण्याचा प्रयत्न अधिक गंभीर मानला जातो. अमेरिकेत 1954 साली अणुबाँबचे शिल्पकार रॉबर्ट ओपनहायमर यांचा सुरक्षा-परवाना काढून घेण्यात आला, त्या चौकशीतही त्यांच्या साम्यवादी परिचितांइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, भर पडला तो एका मित्राच्या प्रकरणी त्यांनी तपास अधिकाऱ्यांना सांगितलेल्या बनावट हकीकतीवर. ती चौकशी सदोष होती असे मान्य करून तो निर्णय अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने डिसेंबर 2022 मध्ये रद्द केला, परंतु तोवर ओपनहायमर यांना जाऊन 55 वर्षे लोटली होती.

आता आपल्याकडील अमली पदार्थांच्या कायद्याकडे वळू. 1893-94 साली ब्रिटिश सरकारने नेमलेल्या भारतीय हेंप ड्रग्ज आयोगाने सात खंडांचा अहवाल देऊन गांजा-भांगेच्या माफक सेवनाने सर्वसाधारणतः मोठा अपाय होत नाही असा निष्कर्ष काढला होता, आणि त्यानंतरही कित्येक दशके देशाच्या अनेक भागांत सरकारी परवान्याची गांजाची दुकाने उघडपणे चालत होती. 1961 च्या आंतरराष्ट्रीय कराराने औषधाव्यतिरिक्त होणारा गांजाचा वापर बंद करण्यास 25 वर्षांची मुदत दिली, आणि ती संपत आली असताना 14 नोव्हेंबर 1985 रोजी गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम अंमलात आला. या कायद्याच्या कलम 27 प्रमाणे नुसते सेवन हाही गुन्हा आहे. हेरॉईन, कोकेन, मॉर्फिन यांसाठी एक वर्षापर्यंत आणि इतर पदार्थांसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शिक्षेची श्रेणी जवळ सापडलेल्या मालाच्या वजनावर ठरते. गांजाचे अल्प प्रमाण एक किलोपर्यंत आणि व्यापारी प्रमाण वीस किलोंहून अधिक, हेरॉईनचे अल्प प्रमाण 5 ग्रॅम आणि व्यापारी 250 ग्रॅम. आणि फेब्रुवारी 2015 मध्ये या कायद्याखाली आणलेल्या मेफेड्रोनचे, म्हणजेच एमडीचे, अल्प प्रमाण 2 ग्रॅम व व्यापारी 50 ग्रॅम. भांगेची पाने मात्र, शेंड्यांचा भाग त्यांत नसेल तर, या कायद्याच्या व्याख्येतच बसत नाहीत. त्यांचे नियमन राज्याकडे आहे. तेव्हा महाशिवरात्रीला भांग घेतलेल्या माणसाने या केंद्रीय कायद्याची भीती बाळगण्याचे कारण नाही, आणि गांजा हीदेखील वनस्पतीच आहे या समजुतीवर विसंबून राहणाऱ्याला मात्र ती बाळगावीच लागेल.

या संबंधात एक आकडा विसरता येत नाही. सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडून करून घेतलेल्या आणि 2019 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार 10 ते 75 वर्षे वयाच्या लोकांपैकी 2.8 टक्के, म्हणजे सुमारे 3 कोटी 10 लाख माणसांनी आदल्या वर्षभरात भांग, गांजा वा चरस यांपैकी काहीतरी घेतले होते. त्यांतील बेकायदा गांजा-चरस घेणारे सुमारे 1 कोटी 30 लाख होते. हा एका वर्षाचा हिशेब झाला. आयुष्यात कधी तरी एकदा घेतलेल्यांची संख्या याहून मोठी असणार हे उघड आहे. ज्या देशाला आपल्या सैन्यासाठी, पोलिसांसाठी आणि विमानतळांसाठी दरवर्षी हजारो तरुण हवे असतात, त्याने ‘कधीही स्पर्श न केलेला’ हीच पात्रतेची कसोटी मनोमन धरली, तर त्याच्या पदरी थोडे निष्कलंक आणि पुष्कळसे खोटे बोलणारे पडतील.

सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नावर दिलेल्या निकालांचा ओघ एकाच दिशेचा नाही, आणि त्यांतील बहुतेक प्रकरणे मारामारी-दमदाटीची आहेत. परंतु त्यांतून निघालेली सूत्रे अमली पदार्थांच्या प्रकरणालाही तितकीच लागू पडतात. 1996 साली दिल्लीच्या एका शिपाईपदाच्या उमेदवारासंबंधी सुशील कुमार प्रकरणात न्यायालयाने ठरवले, की खटल्यातून सुटका होणे वेगळे आणि शिस्तबद्ध दलात घेण्यास लायक असणे वेगळे. लायकी ठरविण्याचा अधिकार नियोक्त्याचा. 2003 साली केंद्रीय विद्यालयातील शारीरिक शिक्षणाच्या एका शिक्षकाने प्रलंबित खटला नमुन्यात लिहिला नाही, आणि आपले शिक्षण हिंदीतून झाल्यामुळे इंग्रजी नमुना नीट कळला नाही असा बचाव केला. पदव्या मिळवलेल्या शिक्षकाच्या तोंडी हा बचाव न्यायालयाला पटला नाही, आणि त्याची नोकरी गेली ती गेलीच. याच्या अगदी उलट टोकाला 2011 चा संदीप कुमार प्रकरणाचा निकाल उभा आहे. दिल्ली पोलिसांत हेड कॉन्स्टेबलच्या जागेसाठी अर्ज करणाऱ्या या तरुणावर सुमारे विसाव्या वर्षी मारामारीचा गुन्हा नोंदला गेला होता, पुढे तडजोड होऊन तो सुटला होता, आणि अर्जात त्याने ही गोष्ट लिहिली नव्हती. न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांच्या खंडपीठाने त्या वयातील चुकांकडे क्षमाशील दृष्टीने पाहिले पाहिजे असे सांगताना व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतील, भाकरी चोरल्याबद्दल आयुष्यभर चोर ठरलेल्या ज्याँ व्हालज्याँचे उदाहरण दिले, आणि नोकरी नाकारण्याचा सरकारचा निर्णय टिकू दिला नाही.

अशा परस्परविरोधी निकालांमुळे प्रकरण तीन न्यायमूर्तींच्या पीठापुढे गेले, आणि 21 जुलै 2016 रोजी अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणी न्यायमूर्ती अरुण मिश्रा यांनी लिहिलेल्या निकालाने या विषयाला प्रथमच सलग मांडणी दिली. हा निकाल या रकान्याशी संबंध येणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावा इतका मोलाचा आहे. माहिती खरीच दिली पाहिजे, हे त्याचे पहिले सूत्र. परंतु ती दडवली गेली म्हणून नियोक्त्याने यंत्रवत बडतर्फीचा हुकूम काढू नये. पदाचे स्वरूप, गुन्ह्याचे गांभीर्य आणि त्या वेळचे वय ध्यानात घेऊन विवेकाने निर्णय करावा, तरुण वयात दिलेल्या घोषणांसारखी क्षुल्लक बाब दडवली गेली असल्यास ती क्षम्यही ठरू शकते, आणि कायम झालेल्या नोकराला विभागीय चौकशीवाचून काढता येत नाही. नमुन्यातील प्रश्न संदिग्ध नसावा, त्यात जे नेमके विचारलेले नाही ते न सांगितल्याबद्दल दोष देता येत नाही, आणि दडवण्याचा ठपका ठेवण्यापूर्वी ती गोष्ट उमेदवाराला माहीत होती हे दिसले पाहिजे, हीही त्यातलीच सूत्रे. मात्र एक कलम असे आहे, की जे अनेकांना धक्का देते: उमेदवाराने संपलेल्या खटल्याची माहिती प्रामाणिकपणे दिली, तरीही त्याचे पूर्वचारित्र्य विचारात घेण्याचा अधिकार नियोक्त्यापाशी राहतो आणि त्याला नेमणूक देण्याची सक्ती करता येत नाही.

पुढील निकालांत हीच दोन टोके पुन्हा दिसतात. मे 2022 मध्ये पवन कुमार प्रकरणी रेल्वे सुरक्षा दलातील जवानाला न्यायालयाने परत घ्यावयास लावले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये सतीशचंद्र यादव प्रकरणी केंद्रीय राखीव दलातील जवानाला दाद मिळाली नाही, आणि सशस्त्र दलांसाठी कसोटी अधिक कडक राहील असे बजावण्यात आले. 2024 मध्ये रवींद्र कुमार प्रकरणी उत्तर प्रदेश पोलिसातील उमेदवाराला पुन्हा न्याय मिळाला. या चढउतारांतून मी काढलेला निष्कर्ष असा: खरे लिहिणारा कदाचित नोकरी गमावील, पण ‘खोटारडा’ हा शिक्का त्याच्यावर बसणार नाही आणि दुसऱ्या खात्याचे दार त्याला उघडे राहील, खोटे लिहिणाऱ्याच्या बाबतीत मात्र सेवनाचा क्षुल्लक गुन्हा मागे पडतो, अप्रामाणिकपणाचा आरोप पुढे येतो, आणि तो त्याच्या पुढच्या प्रत्येक अर्जाबरोबर जातो. अल्पवयीनांना मात्र कायद्यानेच आधार दिला आहे. 2015 च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम 24 अन्वये बालकाच्या अपराधामुळे पुढे कोणतीही अपात्रता जडत नाही, सोळा वर्षांवरील ज्या बालकावर प्रौढाप्रमाणे खटला चालला त्याचा अपवाद सोडून. आणि 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने याच तत्त्वावर एका उमेदवाराची नेमणूक उचलून धरली. सोळाव्या वर्षी महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर गांजासह पकडलेल्या मुलाच्या पालकांना हे कलम ठाऊक असते तर किती झोपा उडाल्या नसत्या!

विमानवाहतुकीचे क्षेत्र वेगळ्या रीतीने चालते, आणि माझ्या मते अधिक समंजसपणे. तेथे दोन स्वतंत्र व्यवस्था आहेत. विमानतळाच्या आतल्या भागात जाण्यासाठी लागणारा प्रवेश-परवाना नागरी विमान वाहतूक सुरक्षा विभागाच्या नियमांनुसार पोलीस पडताळणीनंतरच मिळतो. मालाच्या गाड्या ढकलणाऱ्या मुलालाही तो लागतो. दुसरी व्यवस्था 31 जानेवारी 2022 पासून नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने लागू केली: वैमानिक, केबिन कर्मचारी आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांची अमली पदार्थांसाठी आकस्मिक तपासणी, तीत गांजा, कोकेन, अफूजन्य पदार्थ, ॲम्फेटामाइन यांचा अंश शोधला जातो. या नियमाचे वैशिष्ट्य असे, की पहिल्यांदा दोषी आढळलेल्याला थेट घरी पाठवत नाहीत. त्याला व्यसनमुक्तीच्या उपचारास पाठवले जाते आणि तंदुरुस्तीचा दाखला व निर्दोष चाचणी यांनंतर तो कामावर परततो. पुन्हा चुकला तर परवाना निलंबित होतो, आणि तिसऱ्या वेळी रद्द. शेकडो प्रवाशांचे प्राण ज्याच्या हाती आहेत त्याला एकदा सावरण्याची संधी मिळते, आणि पंधरा वर्षांपूर्वी झुरका मारलेल्या शिपाईपदाच्या उमेदवाराला ती मिळेलच याची खात्री नसते. ही विसंगती दूर झाली पाहिजे. बोटीवर जाणाऱ्यांविषयी एवढेच सांगतो, की तेथे जुन्या इतिहासापेक्षा ऐनवेळच्या लघवीच्या चाचणीला महत्त्व अधिक आहे.

अमेरिकेतील मराठी कुटुंबांत हा प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहतो. तेथे जन्मलेली, संगणक वा अभियांत्रिकी शिकलेली मुले संरक्षण खात्याच्या कंत्राटी कंपन्यांत अर्ज करतात, तेव्हा त्यांच्यापुढे एसएफ-86 नावाचा दीर्घ नमुना येतो. हा नमुना आपल्यासारखा केवळ अटकेविषयी विचारत नाही. गेल्या सात वर्षांत बेकायदा अमली पदार्थ घेतले काय, कोणते, कितीदा, केव्हा शेवटचे, पुढे घेण्याचा इरादा आहे काय, असे थेट विचारतो. येथे अनेकजण फसतात ते अशा समजुतीने, की कॅलिफोर्नियात जानेवारी 2018 पासून दुकानात खुलेआम मिळणारा गांजा ‘बेकायदा’ नव्हे. राज्याचा कायदा काहीही म्हणो, सुरक्षा-परवाना संघराज्याचा असतो आणि संघराज्याचा कायदा त्याला अद्याप तशी मोकळीक देत नाही. 8 जून 2017 पासून लागू असलेल्या निर्णयसूत्रांमध्ये अमली पदार्थांसाठी एक स्वतंत्र प्रकरण आणि व्यक्तिगत वर्तणुकीसाठी, म्हणजे मुख्यतः सत्यनिष्ठेसाठी, दुसरे स्वतंत्र प्रकरण आहे. पहिल्यात दोष सौम्य करणाऱ्या गोष्टी नमूद आहेत: लोटलेला काळ, बदललेली संगत, पुन्हा न घेण्याची लेखी प्रतिज्ञा, पूर्ण केलेला उपचार. दुसऱ्यात, चुकून वा भीतीने दडवलेली गोष्ट कोणी पुराव्यासह समोर ठेवण्यापूर्वी स्वतः होऊन दुरुस्त केली, तर ती जमेस धरली जाते. जाणूनबुजून खोटे लिहिणे हा मात्र पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. डिसेंबर 2021 मध्ये तेथील राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालकांनी असेही स्पष्ट केले, की पूर्वी केलेले गांजाचे सेवन विचारार्ह आहे, पण तेवढ्यावरून निकाल लागत नाही.

आणि त्या नमुन्यातील एक वाक्य मला सर्वाधिक महत्त्वाचे वाटते. अमली पदार्थ घेतल्याविषयीच्या प्रश्नाला दिलेले खरे उत्तर त्या माणसाविरुद्ध पुढील फौजदारी खटल्यात पुरावा म्हणून वापरले जाणार नाही, असे त्यात लेखी आश्वासन आहे. सरकार सत्य मागते तेव्हा सत्याची किंमतही कमी करून देते. आपल्या साक्षांकन नमुन्यात ताकीद आहे, आश्वासन नाही. आपण प्रश्न कमी विचारतो म्हणून आपली पद्धत अधिक दयाळू आहे असे कोणी म्हणेल; माझा अनुभव आणि माझी बुद्धी मला उलट सांगते. पोलिसांच्या हाती सापडला तो वाईट आणि न सापडला तो चांगला, अशी विभागणी जी पद्धत नकळत करते, तिच्यात गरिबाच्या वस्तीत राहणाऱ्या मुलावर अधिक अन्याय होतो. कारण छापा पडतो तो रेल्वेरुळांशेजारच्या झोपडीत, बंद दाराच्या सोसायटीत क्वचितच.

अभयाची कल्पना आपल्या कायद्याला अपरिचित आहे असेही नाही. 1985 च्याच अधिनियमात कलम 64-अ आहे, त्यानुसार सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वेच्छेने सरकारमान्य संस्थेत उपचार घेईल तर त्याच्यावरील खटला चालवला जात नाही; उपचार अर्धवट सोडला तर मात्र हे संरक्षण काढून घेता येते. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने मद्य व अमली पदार्थांच्या दुरुपयोगाशी निगडित मनोविकारांना आजारात गणले आणि कलम 23 ने उपचाराविषयीची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क रुग्णाला दिला, सार्वजनिक सुरक्षितता आणि न्यायालयाचा आदेश यांसारखे अपवाद ठेवून. महाराष्ट्रात हा कायदा कागदावर येण्यापूर्वीच त्यामागील भावना दोन संस्थांनी आचरणात आणली होती. 1980 च्या दशकारंभी मुंबईत गर्दचा सुळसुळाट झाला, तेव्हा 1981 साली वांद्र्याला फादर ज्यो परेरा यांनी कृपा फाउंडेशन सुरू केले, आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी पुण्यात डॉ. अनिता ऊर्फ सुनंदा अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी, पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने, मुक्तांगण उभे केले. या दोन्ही ठिकाणी बरे झालेले रुग्णच पुढे समुपदेशक झाले. गर्दुल्ला म्हणून ज्याला घराने टाकले होते त्याच्यावर दुसऱ्या रुग्णाचा जीव सोपवण्याइतका विश्वास या संस्थांनी टाकला. आणि त्या विश्वासाची अट एकच होती, आपली सगळी हकीकत गटापुढे न लपवता सांगण्याची. सरकारच्या पडताळणी विभागाने मुक्तांगणाची ही एक रीत उचलली, तरी माझी निम्मी तक्रार मिटेल.

माझी मागणी यापेक्षा फार मोठी नाही. साक्षांकन नमुन्यात अमली पदार्थांविषयी प्रश्न विचारावयाचा असेल तर तो स्पष्ट विचारावा आणि त्याला पाच किंवा सात वर्षांची मुदत घालावी. अटकेचा प्रश्न विचारताना ‘दोषारोप न ठेवता सोडले’ हा स्वतंत्र पर्याय छापावा. अल्प प्रमाणात सेवनाचे, एकवीस वर्षे वयापूर्वीचे प्रकरण क्षुल्लक गणले जाईल असे केंद्राने आणि राज्याने परिपत्रकाने जाहीर करावे. विक्री करणाऱ्याला मात्र यातील कोणतीही सवलत देऊ नये. आणि खरे उत्तर देणाऱ्यावर त्या उत्तराच्या आधारे खटला भरला जाणार नाही, हे नमुन्याच्या माथ्यावर, ताकिदीच्या शेजारी, तितक्याच ठळक अक्षरांत लिहावे. नमुना मराठीतही मिळावा, म्हणजे ‘इंग्रजी कळले नाही’ हा प्रश्नच उरणार नाही.

हे घडेल तेव्हा घडेल. तोवर माणिकपुरातील ज्या घरी आज असा नमुना टेबलावर येऊन पडला असेल, त्या घरातील वडीलधाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की मुलाला ‘नाही’ लिहिण्याचा सल्ला देऊ नका. प्रकरण न्यायालयात गेले असेल तर वसईच्या न्यायालयातून निकालाची प्रमाणित प्रत काढा, गेले नसेल तर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज करून प्रकरणाची सद्यःस्थिती मागा, उपचार घेतला असेल तर संस्थेचा दाखला जवळ ठेवा, शंका असल्यास वकिलाला दाखवा. मग रकान्यात जे खरे तेच लिहा, स्वतंत्र कागदावर तारखेवार हकीकत जोडा, आणि भरलेल्या नमुन्याची सहीशिक्क्यासह एक छायाप्रत घरी सांभाळून ठेवा.